विश्लेषण : गोदावरीच्या मुखाशी ब्रिटिश जनरलचे पुतळे का? कालवे बांधणाऱ्या आर्थर कॉटन यांची गोष्ट

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड करत सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास संपवते ती आंध्र प्रदेशात. समुद्राच्या अलीकडे, राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरम या गावी तिच्यावर एक लांबच लांब बॅरेज आहे. त्याला नाव आहे सर आर्थर कॉटन यांचे. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतले अभियंते. गोदावरी जिल्ह्यांत गावोगावी त्यांचे पुतळे आहेत, काही ठिकाणी तर घोड्यावर स्वार. १५ मे या त्यांच्या जन्मदिनी पुतळ्यांना हार पडतात, शेतकरी संघटना आणि जलसंपदा खात्याचे अधिकारी हजेरी लावतात. देशभर ब्रिटिश अधिकाऱ्यांचे पुतळे चौकातून हलवून संग्रहालयांच्या मागच्या आवारात नेऊन ठेवले गेले, तेव्हा इथे नवे उभारले जात होते. हैदराबादच्या हुसेन सागर तलावाच्या बांधावर तेलुगू संत, कवी आणि राजांच्या रांगेतही कॉटन आहेत.

हे प्रेम आले कुठून आणि ते कितपत रास्त आहे, हे समजून घ्यायचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागते.

कोण होते आर्थर कॉटन?

जन्म १५ मे १८०३, इंग्लंडमधला. अकरा भावांपैकी हे दहावे. घराणे मोठे असले तरी दहाव्या मुलाच्या वाट्याला जमीनजुमला येण्याची शक्यता नव्हती. अशा मुलांसाठी त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी हा रुळलेला मार्ग होता. कंपनीने आपले तोफखान्याचे आणि अभियांत्रिकीचे अधिकारी घडवण्यासाठी लंडनजवळ अ‍ॅडिसकोम्ब येथे लष्करी विद्यालय काढले होते. कॉटन तेथे शिकले, १८१९ मध्ये मद्रास इंजिनीअर्समध्ये दाखल झाले आणि १८२१ मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी, भारतात आले.

लष्करी अभियंता म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. किल्ल्यांना सुरुंग लावणे, फौजेसाठी पूल उभारणे ही त्यांची मूळ कामे. कंपनीकडे स्वतंत्र बांधकाम खाते नव्हते. त्यामुळे रस्ता, पूल, तळे, चर्च, बंदर, जे काही बांधायचे असेल ते याच वर्दीतल्या माणसांकडे येई. कॉटन यांना सुरुवातीला तलावांच्या खात्यात नेमले गेले. मद्रास इलाख्याच्या दक्षिण भागात हजारो जुनी तळी होती आणि त्यातली कित्येक गाळाने भरून, बांध फुटून निकामी झाली होती. पुढे भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पांबन खाडीची पाहणी त्यांनी केली. १८२४ ते २६ च्या पहिल्या ब्रह्मी युद्धातही ते होते. युद्धात त्यांनी काय पाहिले ते इथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे ते परतल्यावर घडले.

तंजावरने काय शिकवले?

मराठी वाचकाला तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांनी स्थापलेल्या मराठी राज्याची ही राजधानी. १७९९ मध्ये राज्याचा कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला भात, त्यावरचा सारा आणि त्याबरोबर तिथली नदीची दुखणीही कंपनीच्या गळ्यात पडली.

दुखणे असे होते. तिरुचिरापल्लीजवळ, श्रीरंगमच्या बेटाच्या वरच्या टोकाला कावेरीचे दोन फाटे होतात. दक्षिणेचा फाटा म्हणजे तंजावरला पाणी देणारी कावेरी. उत्तरेचा कोल्लिडम. कोल्लिडमचे पात्र अधिक खोल आणि उताराचे. पाणी उताराकडे जाणार, हा साधा नियम. दरवर्षी कोल्लिडम अधिकाधिक पाणी ओढून समुद्रात नेऊ लागला आणि कावेरीचे पात्र गाळाने उथळ होत गेले. कंपनी दरवर्षी मजूर लावून गाळ उपसत होती. नदी पुढच्या पावसात तो परत भरत होती.

१८२८ पासून या प्रश्नाचा अभ्यास कॉटन यांच्याकडे आला. त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे गाळ उपसण्याऐवजी कोल्लिडमच्या तोंडावरच आडवा बंधारा घालायचा. म्हणजे पाणी कावेरीकडे वळेल आणि पुराचे जादा पाणी बंधाऱ्यावरून निघून जाईल. अडचण एकच होती. नदीचे पात्र अफाट वाळूचे. खाली खडक कुठे लागेल, लागेल की नाही, सांगता येत नव्हते. युरोपातल्या शिक्षणाने सांगितले होते, की पाया खडकावर घ्यावा.

उत्तर काही मैलांवरच होते. श्रीरंगम बेटाच्या खालच्या टोकाला कल्लणै हा चोळ राजांचा बंधारा उभा होता, आजही आहे. करिकाल चोळाने तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधला असे मानले जाते. वाळूच्याच नदीत तो इतकी शतके टिकला कसा? ज्यांनी बांधला त्यांनी नदीत मोठमोठे दगड टाकले. ते ओल्या वाळूत खचले. त्यावर आणखी टाकले. तेही खचले. असे करता करता एक वेळ येते, की दगड पुढे खचत नाहीत, वाळूच त्यांना धरून ठेवते. त्या बैठकीवर मातीत बसवलेल्या दगडांचे बांधकाम केले की झाले. वाळू वजन पेलू शकते, फक्त ती पाण्याने वाहून जाता कामा नये. एवढी ती युक्ती.

कॉटन यांनी ही युक्ती उचलली आणि उचलली असे उघडपणे सांगितले. अमाप खोल वाळूत पाया कसा घ्यायचा हे आम्ही इथल्या जुन्या बांधकामांकडून शिकलो, आणि पुढची सगळी कामे त्या एका धड्यावर उभी राहिली, अशा आशयाचे त्यांचे १८७४ मधले म्हणणे नोंदले गेले आहे. साम्राज्याचा तोरा ऐन भरात असलेल्या काळात निवृत्त जनरलने हे लिहावे, याची दखल घ्यायला हवी.

१८३६ मध्ये कोल्लिडमवरचे दोन्ही बंधारे पूर्ण झाले. वरचा मुक्कोंबू येथे, खालचा अणैकरै येथे. काम चोख झाले असे मात्र नव्हे. आता उलटेच घडले. कावेरीत इतके पाणी शिरू लागले, की तिच्या तोंडाशी पात्र खरवडले जाऊ लागले आणि काही वर्षांत कावेरीच्याच मुखाशी आणखी एक नियंत्रक बांधकाम करावे लागले. नदीच्या एका बाजूला हात लावला की दुसरी बाजू बोलते, हे तंजावरने शिकवले.

पहिली रेल्वे बोरीबंदर-ठाण्याची नव्हती?

थोडे आडवळण. १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे ही भारतातली पहिली प्रवासी रेल्वे, हे बरोबरच आहे. पण रूळ त्याआधी पडले होते. १८३७ च्या सुमारास मद्रासजवळ रेड हिल्सहून रस्त्यांसाठी लागणारा जांभा दगड शहरात आणण्यासाठी एक छोटा लोहमार्ग टाकण्यात आला. तो टाकणारे अभियंते होते आर्थर कॉटन. पुढचे आयुष्यभर रेल्वेवर टीका करत राहिलेल्या माणसाने देशातले पहिले रूळ टाकावेत, हा इतिहासाचा विनोद आहे.

गोदावरीत नेमके काय केले?

१८३० आणि ४० च्या दशकांत गोदावरीचा त्रिभुज प्रदेश आजच्यासारखा हिरवा नव्हता. १८३२-३३ चा गुंटूरचा दुष्काळ, त्यामागोमाग आलेली टंचाईची वर्षे, १८३९ मध्ये कोरिंगा बंदरावर आदळलेले चक्रीवादळ. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या १८२१ मध्ये सुमारे ७ लाख ३८ हजार होती, ती १८४१ मध्ये सुमारे ५ लाख ६१ हजारांवर आली. माणसे मेली, उरलेली निघून गेली. आणि हे कुठे, तर भारतातल्या सर्वांत मोठ्या नद्यांपैकी एकीच्या काठावर. पावसाळ्यात नदी गावे बुडवून समुद्राला मिळे, उन्हाळ्यात तीच वाळवंटासारखी पसरलेली असे.

मद्रास सरकारने सर हेन्री माँटगोमेरी यांना चौकशीसाठी पाठवले. त्यांनी कॉटन यांना बोलवावे असे सुचवले. कॉटन तोवर आजारपणाच्या रजेवर ऑस्ट्रेलियाकडे जाऊन, टास्मानियात लग्न करून परतले होते. त्यांनी किनाऱ्याची, नदीची, बेटांची पाहणी केली आणि १८४४ मध्ये अहवाल दिला. धवळेश्वरमला नदी चार फाट्यांत विभागते, मध्ये ‘लंका’ म्हटली जाणारी बेटे आहेत. चारही फाट्यांवर बंधारे घालायचे, बेटांवर मातीचे बांध घालून ते जोडायचे आणि दोन्ही काठांनी कालवे काढायचे, अशी ती योजना. धवळेश्वरम, राल्ली, मद्दूर आणि विज्जेश्वरम हे ते चार भाग. एकूण दगडी बांधकाम सुमारे साडेतीन किलोमीटरचे. उंची जेमतेम १२ फूट.

इतक्या कमी उंचीने काय साधणार, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. हे जायकवाडीसारखे पाणी साठवणारे धरण नव्हते. पाण्याची पातळी थोडी उचलायची, म्हणजे ते कालव्याच्या तोंडात आपोआप शिरेल. त्रिभुज प्रदेशाची जमीन नदीच्या गाळानेच तयार झालेली, समुद्राकडे अगदी मंद उताराची. पाणी एकदा कालव्यात आले की पुढे त्याला कुणी ढकलावे लागत नाही. मराठवाड्यात किंवा नगर जिल्ह्यात कालवा काढताना टेकड्या कापाव्या लागतात, नाले ओलांडावे लागतात. इथे निसर्गाने अर्धे काम आधीच करून ठेवले होते. कॉटन यांच्या यशाची आणि पुढच्या अपयशाचीही किल्ली याच फरकात आहे.

डिसेंबर १८४६ मध्ये मंजुरी आली. अंदाजपत्रक सुमारे पावणेपाच लाख रुपयांचे. प्रत्यक्षात खर्च त्यापेक्षा बराच वाढला. कॉटन यांनी मागितले तितके अधिकारी मिळाले नाहीत, हाताशी मोजकेच तरुण लेफ्टनंट आणि उमेदवार होते. १८४७ मध्ये काम सुरू झाले तेव्हा सुमारे १० हजार मजूर कामावर होते. धवळेश्वरमच्या टेकडीतून दगड फोडून तात्पुरत्या रुळांवरून आणि होड्यांतून नदीत नेला जाई. वाळूत उथळ विहिरी उतरवून त्यांच्या रांगा पायासाठी वापरल्या, मध्ये दगडांची भर, वर चुन्यातले बांधकाम आणि खालच्या अंगाला सुट्या दगडांचे रुंद अस्तर. पाणी बंधाऱ्यावरून पडून पायाखालची वाळू उकरू नये म्हणून हे अस्तर. ते खचले की वरून आणखी दगड टाकायचे. चोळांचीच पद्धत, फक्त चुना आणि मोजमाप नवे.

काम करायला वर्षातले जेमतेम पाच-सहा महिने मिळत. जूनअखेर नदी फुगली की सगळे पाण्याखाली. पूर ओसरला की आधी काय वाहून गेले ते मोजायचे, मग पुढचे काम. १८४८ च्या उन्हाळ्यात कॉटन उष्माघाताने कोसळले आणि त्यांना पुन्हा ऑस्ट्रेलियाला जावे लागले. त्यांच्या गैरहजेरीत कॅप्टन ऑर यांनी काम ओढले. हेच ऑर पुढे बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, कृष्णेवरचा बंधारा बांधणार होते. मजूर जमवणे, त्यांना टिकवून ठेवणे, स्थानिक वतनदारांशी बोलणे ही कामे वीणम वीरण्णा या तेलुगू सहकाऱ्याने केली. त्यांना पुढे रायबहादूर किताब मिळाला. पुतळ्यांच्या गर्दीत वीरण्णांचे नाव फार थोड्यांना माहीत असते. आणि दहा हजारांतली बाकीची नावे तर कुठेच नाहीत.

३१ मार्च १८५२ रोजी बंधारा पूर्ण झाला. त्याच काळात लेफ्टनंट हेग यांनी गन्नवरम येथे नदीच्या फाट्यावरून कालवा नेणारा ४९ कमानींचा जलसेतू एका हंगामात उभा केला.

परिणाम काय झाला?

भात. आणि भाताबरोबर येते ते सगळे. सारा वाढला, बंदरातली निर्यात वाढली, ओसाड गावे वसली. कालवे नुसते सिंचनाचे नव्हते. त्यांत लॉक बसवून होड्या चालतील अशी सोय केली होती. धान्य, तेलबिया, माणसे कालव्यानेच काकीनाडा बंदरापर्यंत जात. आज या बॅरेजखाली सुमारे १० लाख एकर क्षेत्र भिजते.

त्याची खरी कसोटी लागली ती १८७६ ते ७८ च्या महादुष्काळात. सोलापूर, अहमदनगर, पुणे, विजापूर या जिल्ह्यांत आणि मद्रास इलाख्याच्या कोरड्या भागात माणसे तडफडून मेली. ब्रिटिश अमलाखालच्या प्रदेशातील बळींचा आकडा ५० लाखांहून अधिक मानला जातो. त्याच वर्षांत गोदावरी आणि कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशांतून धान्य बाहेर जात होते आणि उपाशी माणसे तिकडे पोट भरायला जात होती. राजमहेंद्रीच्या आजोबांनी नातवंडांना काय सांगितले असेल, याची कल्पना यावरून येते. काही घरांत नदीस्नानाच्या वेळच्या संकल्पात कॉटन यांचे नाव घेतले जात असे, असे तिकडे आजही सांगतात.

कंपनीचे हेतू काही धर्मादायाचे नव्हते. बंधाऱ्यासाठी मंजुरी मिळवताना कॉटन यांनाही सारा किती वाढेल याचे आकडे मांडावे लागले, आणि त्यांनी ते मांडले. पाणीपट्टी लागली, मोठ्या जमीनदारांना फायदा अधिक झाला. पण सारा वाढावा म्हणून घातलेल्या बंधाऱ्याने दुष्काळात माणसे जगवली, हेही तितकेच खरे.

विदर्भाचा कापूस गोदावरीतून जाणार होता?

हा भाग महाराष्ट्रात फारसा कुणाला ठाऊक नाही. कॉटन यांच्या डोक्यात गोदावरी म्हणजे नुसती शेतीची नदी नव्हती, ती मध्य भारतात शिरणारा जलमार्ग होती. वर्धा नदी वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस होडीत भरला तर तो थेट कोरिंगा-काकीनाड्याला उतरवता येईल. मँचेस्टरच्या गिरण्यांना ही कल्पना भलतीच आवडली. (कॉटन नावाच्या माणसाने कापसाची वाहतूक योजावी, यावर तेव्हाही कोट्या झाल्याच असतील.)

अडचण होती खडकांच्या तीन अडथळ्यांची. पहिला दुम्मगुडेम येथे, दुसरा इंचमपल्लीजवळ आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. प्रत्येक ठिकाणी बंधारा, बाजूने कालवा आणि लॉक बांधून होड्या वर चढवायच्या होत्या. जलसेतूवाले हेग या कामावर आले. घनदाट जंगल, हिवताप, आणि वर्षातले काही महिनेच पुरेसे पाणी. दरम्यान १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस मुंबईला जाऊ लागला. १८७१ मध्ये सरकारने गोदावरीतल्या जलमार्गाचे काम थांबवले. दुम्मगुडेमचा बंधारा तेवढा मागे राहिला.

विदर्भाचे तोंड मुंबईकडे वळले ते असे. सिरोंचा हे तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. तो जलमार्ग झाला असता तर सिरोंचा आजच्यासारखे राज्याचे शेवटचे टोक राहिले नसते, असे वाटून जाते खरे. पण नदीत फेब्रुवारीनंतर पाणीच नसेल तर होडी चालणार कशी, या प्रश्नाला कॉटन यांच्याकडेही पुरेसे उत्तर नव्हते.

गंगा कालव्यावरून वाद का झाला?

कॉटन यांचे समकालीन प्रोबी कॉटली. तेही कंपनीचे लष्करी अधिकारी, पण मूळचे तोफखान्यातले. त्यांनी हरिद्वारहून काढलेला गंगा कालवा ८ एप्रिल १८५४ रोजी सुरू झाला. जगभर वाखाणणी झाली. १८६० च्या दशकात कॉटन यांनी तो पाहिला आणि जाहीरपणे दोष काढले. कालव्याचे तोंड इतके वर, डोंगराच्या पायथ्याशी कशाला? त्यामुळे सोलानी, रतमौ अशा पहाडी ओढ्यांना ओलांडण्यात अमाप खर्च झाला. उतार जास्त दिल्याने पाण्याचा वेग वाढून कालव्याचा तळ उकरला जातो, होड्याही चालत नाहीत. खाली मैदानात, वाळूच्या पात्रावर बंधारा घालून कालवा काढायला हवा होता. कॉटली यांचे उत्तर होते, की खाली नदी काठांपेक्षा इतकी खोल वाहते, की पाणी वर काढणेच अवघड. त्रिभुज प्रदेशातला अनुभव इथे लागू पडत नाही.

दोघांनी एकमेकांविरुद्ध पुस्तिका छापल्या. भाषा सभ्य, वार खोल. शेवटी नेमलेल्या समितीने हरिद्वारचे तोंड कायम ठेवले, पण उताराचा दोष मान्य झाला आणि दुरुस्त्या कराव्या लागल्या. पुढे १८७८ मध्ये नरोरा येथे, गंगेच्या वाळूतच बंधारा घालून लोअर गंगा कालवा काढला गेला. म्हणजे कॉटन पूर्ण चुकीचे नव्हते. कॉटलीही नव्हते.

फसलेली कामे कोणती?

आंध्रातल्या पुतळ्यांखाली ही बाजू कोरलेली नसते. कॉटन यांच्या प्रभावातून १८५८ मध्ये लंडनमध्ये मद्रास इरिगेशन अँड कॅनॉल कंपनी स्थापन झाली. खासगी भांडवल, त्यावर सरकारची ५ टक्के व्याजाची हमी. रेल्वे कंपन्यांना जी सवलत होती तीच. तुंगभद्रेवरून कर्नूल ते कडप्पा असा सुमारे ३०० किलोमीटरचा कालवा १८७१ मध्ये तयार झाला. पाणी आले, पण ते घ्यायला शेतकरी फारसे आले नाहीत.

कारण जमीन काळी होती. काळी जमीन ओल धरते, त्यात पावसाच्या भरवशावर ज्वारी, कापूस येतो. अशा जमिनीत पाणी तुंबले तर ती बिघडते, हे शेतकऱ्याला अनुभवाने माहीत होते. दुष्काळ पडला की पाण्याला मागणी, पाऊस बरा झाला की कालवा रिकामा. अशा कालव्याची पाणीपट्टी कोणत्या हिशेबाने वसूल होणार? व्याजाची हमी मात्र चालूच राहिली आणि ती अखेर भारतीय करदात्याच्या खिशातून गेली. १८८२ मध्ये सरकारने तो कालवा विकत घेतला. ओरिसातल्या अशाच कंपनीचे काम त्याआधीच सरकारला ताब्यात घ्यावे लागले होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. रॉयल इंजिनीअर्सचे फाइफ यांनी आखलेले खडकवासला धरण आणि मुठा कालवे, त्यानंतरचे भाटघर आणि नीरा कालवा, या दख्खनच्या कामांतही सुरुवातीला हाच अनुभव आला. पाऊस चांगला झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसे. नीरेकाठी उसाने जम बसवल्यावर चित्र बदलले. मग पाणी घेणारे इतके झाले, की टेलच्या शेतकऱ्यापर्यंत आवर्तन पोहोचेना. तो वाद अजून मिटलेला नाही.

कालवा की रेल्वे?

१८७८ मध्ये, महादुष्काळाची धग ताजी असताना, ब्रिटिश संसदेने लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली भारतातील सार्वजनिक बांधकामांची चौकशी करणारी निवड समिती नेमली. ७५ वर्षांचे कॉटन साक्षीला उभे राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता. रेल्वे धान्य एका जागेहून दुसऱ्या जागी नेते, पिकवत नाही. कालवा पिकवतो आणि वाहूनही नेतो, तेही रेल्वेपेक्षा कितीतरी स्वस्तात. सरकारने रेल्वेवर ओतलेल्या पैशांच्या तुलनेत पाटबंधाऱ्यांवरचा खर्च नगण्य आहे. त्यांनी भारतभर नद्या जोडणाऱ्या, होड्या चालणाऱ्या कालव्यांचे जाळे मांडले. आजच्या नदीजोड प्रकल्पाचे मूळ शोधणारे इथपर्यंत येऊन थांबतात.

समितीने त्यांना फाडून काढले. कर्नूलचे काय झाले? ओरिसाचे काय झाले? गोदावरीचा फायदा सगळीकडे कसा मोजता? प्रश्न रास्त होते. सपाट, गाळाच्या त्रिभुज प्रदेशात जे जमले ते दख्खनच्या खडकाळ पठारावर जमणार नाही, हे कॉटन यांनी कधीच मनापासून मान्य केले नाही. पण समितीचे मनही निर्मळ नव्हते. रेल्वेमागे लंडनचे भांडवल होते, पोलाद विकणारे होते, फौजा हलवण्याची गरज होती. कालव्यामागे होता एक हट्टी म्हातारा आणि त्याची बाजू घेणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. निकाल काय लागणार ते उघड होते.

कॉटन यांना १८६१ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला होता, पुढे ते जनरल पदापर्यंत गेले. निवृत्तीनंतर डॉर्किंग येथे ते अधिक उत्पन्न देणाऱ्या गव्हाच्या लागवडीचे प्रयोग करत राहिले. २४ जुलै १८९९ रोजी, ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र लिहिले मुलीने, लेडी होप यांनी. चार्ल्स डार्विन यांनी शेवटच्या दिवसांत धर्माकडे परत वळल्याची जी गोष्ट जगभर फिरते, आणि जी डार्विन यांच्या मुलांनी ठामपणे नाकारली, ती सांगणाऱ्या याच लेडी होप. वडिलांच्या चरित्राचे वाचन करताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

आज त्या बांधकामांचे काय?

धवळेश्वरमचा मूळ बंधारा सव्वाशे वर्षे चालला. दगड निसटत होते, दरवर्षी डागडुजी वाढत होती. १९७० च्या दशकात त्याच्या जागी नव्या बॅरेजचे काम सुरू झाले आणि १९८२ मध्ये ते पूर्ण झाले. त्याला १७५ दरवाजे आहेत. मुक्कोंबूचा १८३६ चा बंधारा मात्र वापरात राहिला, तो ऑगस्ट २०१८ मध्ये कोल्लिडमला पूर आला तेव्हा त्याचे नऊ दरवाजे वाहून गेले. खालच्या बाजूला नवे बांधकाम करावे लागले. शेजारचे चोळांचे कल्लणै जागेवर आहे.

गोदावरीच्या मुखाशी प्रश्न आता वेगळे आहेत. वर गंगापूरपासून जायकवाडी, पोचमपाडपर्यंत धरणे झाली. पाणी अडले, त्याबरोबर गाळही अडला. ज्या गाळाने हा त्रिभुज प्रदेश तयार झाला तो पूर्वीइतका येत नाही, आणि किनारा काही ठिकाणी झिजतो आहे. रब्बीच्या भातासाठी गोदावरीत उरलेले पाणी पुरत नाही, तेव्हा सिलेरू नदीवरच्या वीज प्रकल्पांतून सुटणाऱ्या पाण्यावर भिस्त असते. पट्टीसीमाच्या पंपांनी गोदावरीचे पाणी उचलून कृष्णेकडे नेले जाते. पोलावरमचे मोठे धरण धवळेश्वरमच्या वर उभे राहत आहे.

रब्बीचा भात कापणीला आला की एप्रिलमध्ये कालवे बंद होतात. तळ उघडा पडतो, यंत्रे उतरतात, गाळ आणि जलपर्णी काढली जाते, जुन्या लॉकच्या भिंतींना चुना-सिमेंट लागते. जूनच्या सुरुवातीला कालव्याच्या तोंडाशी पूजा होते, दरवाजे वर जातात आणि पाणी पुन्हा कालव्यात शिरते.